वहीतलं दुसरं नाव

हमीदचाचा,

सगळ्यात आधी सांगून टाकते, माझा राग गेलेला नाही. माणूस गेला की राग सोडायचा असतो, असं गेल्या चाळीस दिवसांत मला निदान दहा जणांनी सांगितलं. परवा तुमच्या चाळिसाव्याला ताटं वाढताना कुलकर्णी मॅडमसुद्धा कानाशी येऊन म्हणाल्या, "वर्षा, आता सोड गं." मी मान हलवली. पण सोडायचं कसं ते कोणी सांगत नाही. भांडण दोघांचं होतं. तुम्ही मध्येच उठून गेलात आणि मी अजून तिथंच उभी आहे, समुद्राच्या त्या काळ्या खडकांवर, दुर्बीण हातात घेऊन.

लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. हमीदभाईनं शिलाई मशीनला हात लावला की दोन वर्षं पाहायला नको. हमीदभाई नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुठला स्क्रू ढिला आहे. सगळं खरं आहे. पण ते मी कशाला लिहू? ते सांगायला यवतमाळात शंभर शिंपी आहेत. मला जे बोलायचं आहे ते तुमच्याशी, आणि ते फार चांगलं नाही.

आपली ओळख मशीनमुळे झाली. मी नववीत होते. आई कळंबला लोकांचे ब्लाऊज शिवायची, तुम्ही बाजाराच्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं यायचात. आमच्या ओसरीत मशीन उघडून बसला होतात आणि एकदम हात वर केलात. "चूप. ऐक. शिंपी बोलून राह्यला." मला वाटलं, कोणी गिऱ्हाईक आलं. तुम्ही मला परसात नेलंत आणि वांग्याच्या झाडाशी वाकून दाखवलंत. एक पान दोन्ही कडांनी शिवलेलं, आत कापूस, कापसात शिंपी पक्ष्याची चार अंडी. हात लावू दिला नाहीत. आत येऊन आईला म्हणालात, "बाई, तुमच्या घरी दोन दोन शिंपी आहेत. एक फुकट काम करते."

आई हसली होती. ती फार हसत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

त्याच मशीनच्या कमाईवर मी शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. बी.एस्सी. झाले तेव्हा पेढा तुम्हाला आधी दिला, आणि त्या दिवसापासून तुम्ही माझं नावच टाकून दिलंत. "काय व बीएस्सी." भर रस्त्यात, एसटी स्टँडवर, माझ्या कॉलेजच्या फाटकाशी, जिथं मी आता प्रयोगशाळा सहायक आहे. मी चिडायचे आणि मला ते आवडायचंही. तुम्हाला दोन्ही माहीत होतं.

मग रविवार सुरू झाले. मी कळंबहून पहिली एसटी पकडून यवतमाळला यायचे आणि आपण चौघं गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून चालायचो. तुम्ही, मी, बँकेतून रिटायर झालेल्या कुलकर्णी मॅडम आणि एसटीत कंडक्टर असलेले राठोडदादा. एकच दुर्बीण, जुन्या बाजारातून आणून तुम्हीच उघडून साफ केलेली. आणि एक वही. लांबट, लाल पुठ्ठ्याची. पक्षी, फूल, जागा, आणि शेवटी "कोणी पाहिलं" असा रकाना. त्यात दोन नावं लागायची. एक असेल तर नोंद नाही. हा कायदा तुमचा.

कायदा आला तो राठोडदादांमुळे. त्यांनी एकदा पाण्याच्या पलीकडं पांढरा, मोठा, मान वाकवून बसलेला कोणीतरी परदेशी पाहुणा पाहिला. शपथ घेतली. तुम्ही वहीत लिहिलंत. पुढच्या रविवारी तो पाहुणा तिथंच. आपण पाळीला वळसा घालून गेलो तर खताचं पोतं, बाभळीच्या फांदीला अडकलेलं.

"हवा भरली होती त्याच्यात," राठोडदादा म्हणाले, "मान तं होती ना!"

तुम्ही ती नोंद खोडलीत आणि खाली लिहिलंत, यापुढं दोघांनी पाहिलं तरच. मॅडमचं "कु", राठोडदादांचं "रा", तुमचं "ह". माझं "व" असायला हवं होतं, पण तुम्ही "बी" लिहायचात. वर्षानुवर्षं त्या रकान्यात मी बी आहे.

आता समुद्राचं.

कल्पना मॅडमची. समुद्राच्या काठाकाठानं तीन दिवस चालायचं, पक्षी आणि फुलं पाहायची, वाटेतल्या गावांत मुक्काम. दसऱ्याच्या सुट्टीत आपण धामणगावहून गाडीत बसलो, दोन गाड्या बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुरूच्या झाडांतून बाहेर आलो तर समोर ते. मी समुद्र पहिल्यांदा पाहत होते. राठोडदादाही. ते कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

"बाप्पा. हमीदभाई, याची पाळ कुठं आहे?"

"नाही आहे."

"मंग थांबते कायच्यानं?"

तुम्ही हसलात. पण तुम्ही समुद्राकडं पाहत नव्हतात, चाचा. तुम्ही वाळूत उकिडवे बसून मर्यादवेलीचं पान बोटांत धरलं होतंत, बकरीच्या खुरासारखं दुभंगलेलं. फूल नाकाशी नेऊन वास घेत होतात. मी म्हटलं, "चाचा, एवढ्या लांब येऊन वेल काय पाहता? वर पाहा, कुरव उडतायत." तुम्ही म्हणालात, "तू पाय. मले सांग." मी सांगितलं. पांढरे, पंखांची टोकं काळी. "चोच?" पिवळट. "डोकं?" सांगितलं. तुम्ही मान हलवत राहिलात.

गेली दोन वर्षं तुम्ही हेच करायचात. तलावावरसुद्धा दुर्बीण माझ्या नाहीतर मॅडमच्या हातात देऊन विचारत राहायचात. शेपटी कशी, पाय कोणत्या रंगाचे, बसतो कसा. मला वाटायचं, तुम्ही परीक्षा घेताय. मी कॉलेजात शिकलेली म्हणून जरा जास्तच घेताय. मला राग यायचा आणि मी अजून नीट पाहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि काळे खडक उघडे पडले होते, कालवांनी पांढरे झालेले. मॅडमच्या टाचेला फोड आला होता म्हणून त्या मागं, राठोडदादा त्यांच्यासोबत. आपण दोघं पुढं. आणि मला तो दिसला.

काळी पाठ, पांढरं पोट, चोच लांबलचक, गाजरासारखी. खडकाला चिकटलेल्या शिंपल्याच्या फटीत चोच खुपसून तो असा काही झटका द्यायचा की मला हातोडीच आठवली. कालवफोड्या. मी चित्रात पाहिला होता. आपल्या जिल्ह्यात जन्मभर पाळीवर उभं राहिलं तरी दिसणार नाही असा पक्षी माझ्यासमोर, माझ्या दुर्बिणीत नाश्ता करत होता. मी दुर्बीण तुमच्या हातात दिली.

"चाचा, तो उभा खडक. त्याच्या डावीकडं, पाण्याला लागून."

तुम्ही दुर्बीण लावलीत. डावीकडं नेलीत. उजवीकडं नेलीत. "चोच कशी आहे म्हणली?"

"गाजरासारखी. पाहा ना, सरळ समोर आहे."

"पाय?"

"गुलाबी. चाचा, तुमच्या हातात दुर्बीण आहे, मला काय विचारता!"

चांगला पाच मिनिटं होता तो. मग मोठी लाट आली, तो शिट्टीसारखा ओरडून उडाला आणि खडकांच्या टोकामागं गेला. तेवढ्यात बाकीचे दोघं पोचले. मी ओरडूनच सांगितलं. राठोडदादांनी टाळी दिली. मॅडम म्हणाल्या, "हमीदभाई, काढा वही."

तुम्ही वही काढली नाहीत.

"एकीनंच पाह्यला," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही होता ना शेजारी?"

"मले नाही दिसला."

मॅडम म्हणाल्या, अहो, वर्षानं पाहिला म्हणजे पाहिला, तिला काय पोतं आणि पक्षी कळत नाही का. राठोडदादा म्हणाले, पोत्याचं नाव काढायचं काम नाही. सगळे हसले. मी नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मी असं म्हणलो का बेटा? कायदा आहे."

"कायदा पोत्यासाठी होता!"

"कायदा समद्यासाठी आहे."

आणि मग मी ते बोलले. ते इथं लिहायला लागणार आहे, कारण मी ते कधी परत घेतलं नाही आणि आता घ्यायला समोर कोणी नाही. मी म्हटलं, "चाचा, मी बी.एस्सी. आहे. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात. तुम्ही मशीनचे स्क्रू ओळखा."

समुद्राचा आवाज मोठा होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडम दुसरीकडं पाहायला लागल्या. तुम्ही दुर्बिणीचा पट्टा नीट गुंडाळलात, काचांना टोपणं लावलीत आणि म्हणालात, "चाला, भरती येईल."

मला वाटलं, तुम्ही चिडाल. चिडला असतात तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारी आपण सड्यावर चढलो. सडा म्हणजे समुद्राला लागून असलेल्या डोंगराचं सपाट डोकं, सगळा जांभा दगड, कडेला त्याचे चिरे कापायची खाण, आणि पावसाळ्यानंतर त्या दगडाच्या खळग्याखळग्यांत फुलं. पिवळी सोनकी तर गालिच्यासारखी. मी सगळ्यात पुढं, मान ताठ. मागून तुमचा आवाज आला, "बीएस्सी, इकडं ये. हे पाय काय आहे." मी पाहिलं नाही. पुन्हा आवाज आला, "अवो, ये तं एक मिनिट. मले नाव नाही येत याचं." मी न थांबता म्हटलं, "तुम्हीच पाहा. एकट्यानं पाहिलेलं वहीत जात नाही ना? मग माझं काय काम?"

तिसऱ्यांदा तुम्ही हाक मारली नाहीत.

परतीच्या गाडीत मी वरच्या बर्थवर चढून झोपेचं सोंग घेतलं. धामणगाव येईपर्यंत खाली उतरले नाही.

मग मी रविवारी येणं बंद केलं. कारणं भरपूर होती. कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षा, आईची पाठ, एसटीची वेळ. खरं कारण एकच होतं. तुम्ही म्हणावं, "बेटा, दिसला असेल तुला. मी मानतो." एवढंच वाक्य हवं होतं मला. माझ्या घरात शिकणारी मी पहिली, चाचा. मी काही सांगितलं की लोक आधी मला वरपासून खालपर्यंत पाहतात आणि मग दुसऱ्या कोणाला तरी विचारतात. ऑफिसात हेच, बँकेत हेच. तुम्ही तसे नव्हतात. तुम्ही मी नववीत असल्यापासून माझं ऐकत आला होतात. म्हणून ते जास्त लागलं. आणि तुमच्यापुढं मी तेच केलं जे लोक माझ्यापुढं करतात, हे कळायला मला आज लिहायला बसावं लागलं.

संक्रांतीनंतर तुम्ही कळंबला आलात. बाजाराचा दिवस नव्हता. आईच्या मशीनलाही काही झालं नव्हतं, आईच मागून म्हणाली. तुमचा आवाज ऐकून मी आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आईनं दोनदा हाक मारली. मी आले नाही. दाराच्या फटीतून ऐकत होते. तुम्ही मशीन उघडलंत, तेल घातलंत, चाक फिरवून पाहिलंत. मग म्हणालात, "बाई, तेवढी सुई ओवून द्या बरं." आई म्हणाली, "तुम्ही? मले सांगता?" तुम्ही हसलात. चहा घेतलात. "बीएस्सीले म्हणा, आलतो." आणि गेलात.

आई आत येऊन म्हणाली, "आज चाचानं सुई मले ओवाले लावली. अन् चहाचा कप उचलताना हात जरा बाजूलाच गेला त्याईचा." मी म्हटलं, म्हातारे झाले. आणि मोबाईल पाहायला लागले.

ही मी विज्ञान शिकलेली. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. कॉलेजच्या प्रयोगवहीत आखून दिलेले तीन रकाने असायचे आमच्या.

पुढच्या महिन्यात राठोडदादांचा फोन आला. सकाळी दुकान उघडलंत, स्टुलावर बसलात आणि बसल्या बसल्या गेलात. मी पोचले तेव्हा अंगणात माणसंच माणसं होती. मला आत बायकांत नेलं. शकीलाचाची कोपऱ्यात बसली होती. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही, आणि माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. लाज वाटली, पण नव्हतं. मी मनात तुम्हाला विचारत होते, आता ते वाक्य कोण म्हणेल?

परवा चाळिसाव्याला सगळे गेल्यावर चाचीनं मला थांबवलं. कपाटातून लाल वही काढून दिली. वहीसोबत एका रुमालात बांधलेल्या चार-पाच इवल्या बाटल्या होत्या, रिकाम्या. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या.

"हे काय?"

"त्याइच्या आँखची दवाई. काचबिंदू होता ना." माझ्याकडं पाहून ती थांबली. "तुले नाही माहीत? दो साल झाले. डावी तं बिलकुल गेली होती. उजवीनं नळीतून पाहल्यावानी दिसे, समोरचं, जवळचं. डाक्टर म्हणे, गेली ते परत येत नाही."

मी एक बाटली उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं.

"कोणाले सांगू नको म्हणे मले. पोरं चालणं बंद करतील, दुकान बंद करतील. रविवारवाले हात धरून चालवतील. पर तुले सांगतो म्हणे. कोकणातून आले तं चार दिवस तेच चालू होतं, बीएस्सीले सांगा लागते, बीएस्सीले सांगा लागते. नाही सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं.

संक्रांतीनंतर तुम्ही ते सांगायला आला होतात का? मला माहीत नाही. कदाचित नुसतेच आला असाल. कळायला आता काही मार्ग नाही, आणि याच गोष्टीनं माझं डोकं फिरतं. दार मी लोटलं, मान्य. पण तुम्हाला दाराशी येऊन हाक मारता येत नव्हती? "बीएस्सी, बाहेर ये, मले दिसत नाही," एवढे शब्द तुम्हाला जड झाले? मशीन बिघडलं की लोकांना म्हणायचात, लपवू नका, आवाज येतो तेव्हाच आणत जा. आणि स्वतःचं?

काहून नाही सांगितलं, चाचा? मी हात धरला असता तर काय झालं असतं? हो, धरलाच असता. मॅडमनं तर दोरी बांधली असती कमरेला. पण मी पाहून पाहून सांगितलं असतं तुम्हाला, दिवसभर. तसंही सांगतच होते.

त्या संध्याकाळी मी वही पहिल्या पानापासून वाचली. मला एकच गोष्ट पाहायची होती आणि ती दिसली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पक्ष्यांच्या नोंदींपुढं जागोजाग "ह" आहे. मग कमी होतो. मग एकदाही नाही. कु आणि बी. बी आणि रा. रा आणि कु. तुम्ही एकाही पक्ष्याला स्वतःचं नाव लावलं नाहीत. आम्ही तिघं पाहायचो, तुम्ही विचारायचात आणि आमची नावं लिहायचात, आणि आमच्या कोणाच्या हे लक्षात आलं नाही.

फुलांच्या नोंदींपुढं मात्र "ह" आहे, शेवटपर्यंत. फूल जवळ जाऊन पाहता येतं. पण तिथंही अक्षर मोठं होत गेलंय आणि लिहिणं बदललंय. आधी असायचं, पिवळं, पाच पाकळ्या, पाळीच्या उतारावर. आता आहे, देठ चौकोनी लागते. पान मांजराच्या जिभेसारखं. चुरगळलं तर ओव्याचा वास. मी वनस्पतिशास्त्र शिकले, चाचा, आणि मला वाटलं होतं की तुम्ही आता म्हातारपणी जरा कविता करायला लागलात.

काल रविवार होता. मी गेले. पाच महिन्यांनी. आपण तिघंच, म्हणजे आता तिघंच. पाळीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मॅडम रडल्या. राठोडदादा बराच वेळ गवत उपटत राहिले. मग म्हणाले, "काढ वही. लिव तुहा तो कालवफोड्या. दुसरं नाव माह्यं टाक."

"तुम्ही कुठं पाहिला?"

"म्या मागूनच येत होतो ना? उडताना पाह्यला असंन. काळं काहीतरी उडालं होतं. टाक तू. आता कोण विचारते?"

मी पेनाचं टोपण काढलं होतं. खरं सांगते. दसऱ्याच्या पानावर जागाही होती. रा लिहायला एक क्षण लागला असता आणि माझा शब्द वहीत गेला असता, कायमचा.

तेव्हा मला एकदम कळलं की तुम्हालाही एवढंच करायचं होतं त्या दिवशी. नुसतं म्हणायचं, हो, दिसला. मी सगळं वर्णन करून दिलं होतं, चोचीपासून पायापर्यंत. कोणाला शंका आली नसती. तुमचं गुपितही राहिलं असतं, मी खूश, मॅडम खूश, परतीच्या गाडीत गाणी झाली असती. त्या एका "हो"नं तुमचं सगळं सोपं होणार होतं, आणि तुम्ही तो म्हटला नाहीत. आपल्यापासून डोळे लपवलेत, दोन वर्षं, सफाईनं. पण वहीत एक खोटं अक्षर पडू दिलं नाहीत. त्यासाठी माझं तसलं बोलणं खाऊन घेतलंत आणि दुर्बिणीला टोपणं लावलीत.

मी टोपण परत लावलं. राठोडदादा म्हणाले, "तू बी तशीच निंघाली." ते रागावले असावेत. नाहीतर नसावेत.

पण थांबा, मला अजून भांडायचं आहे. कारण त्याच पानावर, दसऱ्याच्या, तळाशी एक नोंद आहे. पेन्सिलीनं. अख्ख्या वहीत पेन्सिलीची ती एकच नोंद. तुमच्या मोठ्या, उतरत्या अक्षरात:

फूल. नाव माहीत नाही. नखाएवढं, जांभळट. पान मऊ, लव आहे. सड्यावर, चिरेखाणीकडून येणाऱ्या पायवाटेला, पाणी साचलेल्या खळग्याच्या काठी. बीएस्सी थांबली नाही तिथून दहा पावलं मागं. ह आणि

बस. "आणि"च्या पुढं रिकामी जागा.

हा कुठला न्याय, चाचा? माझ्या पक्ष्याला पेन्सिलसुद्धा नाही आणि तुमच्या फुलाला जागा राखून ठेवली? कायदा समद्यासाठी आहे म्हणाला होतात ना? मी काल हे दोघांना वाचून दाखवताना मोठ्यानं ओरडले, तेव्हा पाण्यावरची बदकं उडाली. मॅडम म्हणाल्या, "अगं, पक्षी उडून गेला होता. फूल कुठं जातंय? तुला परत जाऊन पाहता येईल, असं वाटलं असेल त्यांना." असेल. की तुम्ही स्वतःचा कायदा माझ्यासाठी एकदाच मोडलात? मॅडमना जितकं माहीत, तितकंच मला. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही काहीच सांगत नाही.

राठोडदादा म्हणाले, "मंग तिथं तं बी टाक. त्यानं तुह्यासाठीच सोडली आहे जागा."

नाही टाकली. मी पाहिलं कुठं ते? तुम्ही दोनदा हाक मारली आणि मी मान ताठ करून पुढं गेले. त्या जागेवर बी लिहिलं तर ते खताच्या पोत्यापेक्षा मोठं खोटं होईल.

माझा कालवफोड्या वहीत येणार नाही. हे मी मान्य केलं, पण खुशीनं नाही, आणि याचा राग मी जन्मभर ठेवणार आहे. मी त्याला पाहिला. गाजरासारखी चोच, गुलाबी पाय. तुम्हाला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मी सांगितला आणि तुम्ही कान देऊन ऐकलात, आणि त्याला साक्ष कोणी नाही. आणि सातवीचं जे बोलले, ते चूक होतं. ते मी मागं घेते, इथं, लेखी.

आईनं विचारलं, दसऱ्याला आत्ताच कोण सुट्टी टाकते? मी टाकली. धामणगावहून गाडी, मग दोन गाड्या बदलायच्या, मग सुरूची झाडं. वही माझ्या पिशवीत असेल. चिरेखाणीकडून पायवाट धरणार आहे. मी कुठपर्यंत गेले होते ते मला पक्कं आठवतं, कारण तिथं माझी मान दुखायला लागली होती. तिथून वळेन आणि दहा पावलं मोजत मागं येईन.

सापडलं तर बी लिहीन. नाही सापडलं तर जागा रिकामीच राहील, आणि मी पुढच्या दसऱ्याला परत जाईन.